नाग दिल्लीचे नव्हेत, उंदीर हनोईचे
इंग्रजांनी दिल्लीत मेलेल्या नागामागे इनाम लावलं आणि लोकांनी घरोघरी नाग पाळले, हा किस्सा सरकारी अकलेचा नमुना म्हणून सर्रास सांगितला जातो. सापांवर इनामं होती, हे खरं. पण या नागपालनाचा त्या काळातला भक्कम पुरावा मिळालेला नाही. नोंदी आहेत त्या व्हिएतनाममधल्या हनोईच्या; तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. १९०२ मध्ये प्लेगच्या धास्तीने तिथल्या फ्रेंच सरकारने उंदरांवर इनाम ठेवलं. मेलेले उंदीर कोण मोजत बसणार, म्हणून नुसती शेपटी आणली तरी चालेल! मग लोक शेपटी छाटून उंदीर सोडून देऊ लागले, पुन्हा पिल्लं घालायला. शहराबाहेर तर चक्क उंदीरपालन चाललेलं सापडलं. मुळात उंदीर माजले होते फ्रेंचांनीच बांधलेल्या नव्या गटारांत. शेपट्यांच्या हिशेबात गटारं कुठेच नव्हती.