टॉम अँड जेरीचं पहिलं कार्टून: त्यात टॉमचं नाव टॉम नव्हतंच

१९३७ मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या सिनेमा कंपनीने कॅलिफोर्नियात स्वतःचा कार्टून स्टुडिओ काढला खरा, पण सुरुवात काही धड झाली नाही. पेपरातल्या कॉमिक्सवरून काढलेली 'कॅप्टन अँड द किड्स' ही सिरीज आपटली. त्याच काळात विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा तिथे एकत्र आले. बार्बेरा आधी चक्क बँकेत नोकरीला होता. दोघांनी मांजर-उंदराची आयडिया मांडली तर स्टुडिओतल्याच लोकांनी नाकं मुरडली, की मांजर-उंदरात आता नवीन काय राहिलंय.

तरी त्यांचं पहिलं मांजर-उंदराचं कार्टून 'पुस गेट्स द बूट' फेब्रुवारी १९४० मध्ये आलंच. मांजराचं नाव होतं जॅस्पर, उंदराला तर पडद्यावर नावच नाही, आणि क्रेडिटमध्ये हॅना-बार्बेरा दोघंही गायब, नाव फक्त स्टुडिओतला प्रोड्युसर रुडॉल्फ आयसिंगचं.

गोष्ट एवढीच की घरकाम करणारी बाई जॅस्परला दम भरते, अजून एक वस्तू फुटली तर घराबाहेर. उंदराला हे कळतं आणि मग तो काचेचे ग्लास, प्लेटा कडेला आणून ढकलायची धमकी देत बसतो आणि मांजर बिचारं झेलत पळतंय. माझ्या मते पुढची सगळी टॉम अँड जेरी इथेच तयार झाली, कारण नुसत्या पाठलागात मजा किती वेळ टिकणार, पण इथे ताकद मांजराकडे आणि पत्ते सगळे उंदराच्या हातात. त्या बाईचं पात्र मात्र आज बघताना खटकतं, कृष्णवर्णीय मोलकरणीचा तो अमेरिकन साचा नंतर टीकेचा विषय झाला आणि काही कार्टून्समध्ये तिचा आवाजही बदलला गेला.

स्टुडिओचा प्रमुख फ्रेड क्विम्बीला यात सिरीज दिसलीच नाही, त्याने दोघांना दुसऱ्या कामांना लावलं. पण थिएटरात कार्टून चाललं, टेक्सासमधून थिएटरवाल्यांकडून पत्र आलं की ते मांजर-उंदीर परत कधी येणार, वर ऑस्करचं नॉमिनेशनही मिळालं. ऑस्कर गेलं 'द मिल्की वे'ला, ते पण एमजीएमचंच आणि आयसिंगचंच, त्यात पण मांजराची पिल्लं!

मग सिरीज ठरली आणि नावांसाठी स्टाफमध्येच स्पर्धा लावली. जॉन कार नावाच्या अ‍ॅनिमेटरने सुचवलेलं टॉम अँड जेरी निवडलं गेलं, बक्षीस ५० डॉलर. गंमत म्हणजे बार्बेरा आधी ज्या व्हॅन ब्यूरेन स्टुडिओत होता तिथे याच नावाची दोन माणसांची कार्टून जोडी होऊन गेली होती. १९४१ च्या 'द मिडनाइट स्नॅक'पासून ही नावं चालू झाली.

पुढे १९५८ पर्यंत दोघांनी ११४ कार्टून्स केली आणि सिरीजला ७ ऑस्कर मिळाले. प्रोड्युसर म्हणून ते घ्यायला जायचा कोण, तर क्विम्बी.