पाटलीपुत्राचा मौर्य राजवाडा गेला कुठे?

अशोकाचे शिलालेख गिरनारपासून धौलीपर्यंत आजही वाचता येतात, आपल्या सोपाऱ्यालासुद्धा त्यांचे तुकडे सापडलेत, आणि ज्या राजवाड्यातून हे सगळं राज्य चाललं तो मात्र जमिनीवर कुठेच दिसत नाही. असं कसं झालं? तर मुख्य कारण म्हणजे तो बहुतेक लाकडाचा होता.

चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेला ग्रीक राजदूत मेगॅस्थेनिस, त्याचं मूळ पुस्तक हरवलंय पण नंतरच्या ग्रीक लेखकांनी त्यातले उतारे घेतले म्हणून आपल्याला कळतं की पाटलीपुत्र, म्हणजे आजचं पाटणा, 80 स्टेडिया लांब आणि 15 रुंद होतं, म्हणजे साधारण 14-15 किलोमीटर बाय पावणेतीन, भोवती खंदक, लाकडी तटबंदी, 570 बुरूज आणि 64 दरवाजे. शहर गंगा आणि शोणच्या संगमावर होतं, आणि नदीकाठी पाऊस-पुरात विटा टिकत नाहीत म्हणून लोक लाकडाने बांधतात असंही त्या लेखनात आहे.

आता थेट विसाव्या शतकात येऊ. 1912-13 मध्ये पुरातत्त्वज्ञ डी. बी. स्पूनर यांनी पाटण्याच्या कुम्हरार भागात खणायला सुरुवात केली, आणि पैसे दिले मुंबईच्या सर रतन टाटांनी, म्हणजे जमशेटजींच्या धाकट्या चिरंजीवांनी. स्पूनरना गुप्तकाळातल्या विटांच्या भिंतींखाली राख लागली. ती नुसती पसरलेली नव्हती, ठरावीक अंतरावर, साधारण 15-15 फुटांवर, राखेने आणि दगडाच्या कपच्यांनी भरलेले गोल खड्डे होते, ओळीत. कपच्या चुनारच्या वालुकाश्माच्या, आणि त्यांना ते मौर्य पॉलिश, हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत. एक मोठा खांब आडवा पडलेला मिळाला, बाकीचे नाहीतच. म्हणजे खांबांचं दालन होतं हे कळलं ते त्यांच्या रिकाम्या जागांवरून!

स्पूनरना वाटलं खांब मऊ जमिनीत खचत खाली गेले असणार. 1951 ते 55 मध्ये अ. स. अळतेकर (आपले कोल्हापूरकडचे) आणि विजयकांत मिश्र यांनी परत खणलं, आणखी 8 खांबांच्या जागा मिळाल्या, एकूण 80 झाले, आणि खाली खचलेला खांब एकही सापडला नाही. खांब आगीत फुटून मोडले होते. मला हा भाग फार आवडतो, कारण एक छान वाटणारी कल्पना फक्त आणखी खोल खणून बाद करता आली.

दगड आगीत असा का फुटतो? वालुकाश्म म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झचे कण, आणि क्वार्ट्झ 573 अंश सेल्सिअसला स्फटिकाची रचना बदलतं आणि एकदम फुगतं. वर लाकडी छप्पर पेटलेलं असेल तर दगडाची बाहेरची बाजू एवढी सहज तापते, आतला गाभा गारच राहतो, आणि त्या ताणाने तडे जातात, पापुद्रे सुटतात.

पण सगळं लाकूड जळालं नाही. दालनाच्या दक्षिणेला साल लाकडाचे 7 चौथरे मिळाले, 2 हजार वर्षांहून जुने आणि तरीही चांगल्या स्थितीत. त्यांच्यावरून जिना खाली कालव्यापर्यंत जात असावा असं काही अभ्यासकांचं मत आहे. हे टिकले कारण ते भूजलात बुडालेले होते, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ऑक्सिजन लागतो आणि पाण्याने भरलेल्या चिखलात तो जवळपास नसतो. लाकडाच्या पेशींच्या भिंतींतलं सेल्युलोज हळूहळू जातं, त्यांना ताठ ठेवणारं लिग्निन बरंच उरतं, आणि पेशींचा आकार आतलं पाणी धरून ठेवतं. अडचण अशी की असं लाकूड बाहेर काढून नुसतं वाळू दिलं तर पेशी आत बसतात, ते आक्रसतं आणि तडकतं. जवळच बुलंदीबागेत तटबंदीचे लाकडी ओंडके मिळाले तेही जमिनीच्या पोटातच, मेगॅस्थेनिसचं वर्णन कल्पनेतलं नव्हतं हे त्यामुळे पक्कं झालं.

बाकी परिसरात नंतरही बांधकाम चालू राहिलं. गुप्तकाळातला एक विटांचा विहार निघाला, त्यात मातीची मुद्रा होती, 'श्री आरोग्यविहारे भिक्षुसंघस्य' असं लिहिलेली, म्हणजे भिक्षूंनी चालवलेलं आजाऱ्यांसाठीचं ठिकाण असणार. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला चिनी प्रवासी फाहियान इथल्या मोफत दवाखान्यांबद्दल लिहितोच, आणि अशोकाचा वाडा माणसांनी नाही तर भुतांनी बांधला असं लोक म्हणतात हेही. सातव्या शतकात दुसरा चिनी प्रवासी ह्युएन त्सांग आला तेव्हा मात्र शहर उजाड झालेलं होतं.

आणि हे 80 खांबांचं दालन म्हणजे राजवाडा नाही हं, ते बहुधा सभागृह. राहण्याचा वाडा आजच्या पाटण्याच्या घरा-रस्त्यांखाली कुठेतरी असणार, तिथे खणणार कसं. दालनाची जागासुद्धा पाणी साचून खराब व्हायला लागली म्हणून पुरातत्त्व खात्याने ती माती टाकून झाकली होती. बघायला गेलेल्याला वाईट वाटतं, पण उघड्यावर आळीपाळीने भिजण्या-वाळण्यापेक्षा मातीखाली असणं त्या अवशेषांसाठी खूपच बरं.