उत्तरतालिका संचासोबत का देत नाही?
लॉ सीईटी (महाराष्ट्राची लॉ प्रवेश परीक्षा) आणि क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) यांच्या तर्कक्षमता सरावाबद्दल विद्यार्थी व पालकांसाठी माहिती

सराव प्रश्नांचा संच घेऊन गेल्यावर संध्याकाळपर्यंत फोन येतो, "सर, मागची उत्तरतालिका छापायची राहिली वाटतं." ती राहिलेली नसते, आम्हीच देत नाही. भुसावळच्या वर्गात हे रोज तोंडी सांगतो, पण रावेर, चोपडा, पारोळ्याहून फक्त संच मागवणाऱ्यांपर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून हा कागद.

पूर्वी आमच्याही संचात शेवटच्या पानावर तालिका असायची. मुलं पेन्सिलने सोडवत, लगेच मागचं पान उघडत, चुकलेलं उत्तर खोडून बरोबर अक्षर लिहीत आणि शनिवारी शंका घेऊन येत. सावद्याहून एस.टी.ने येणाऱ्या एका विद्यार्थिनीचा कागद अजून डोळ्यासमोर आहे. चौदाव्या प्रश्नापाशी खोडून खोडून तो इतका पातळ झाला होता की पलीकडची अक्षरं दिसत होती. "सर, यात ब कसं काय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तू आधी काय लिहिलं होतंस?" तिला आठवेना. मग चारही पर्याय पहिल्यापासून समजावले. वीस मिनिटं गेली, तिनं मान डोलावली आणि पुढच्या शनिवारी त्याच जातीचा प्रश्न पुन्हा चुकला. ती कुठे घसरते हे सांगणारं एकमेव अक्षर खोडलं गेलं होतं, त्यामुळे मला दिसलं नाही आणि तिलाही नाही.

आमचा सगळ्यात जास्त वेळ या एका सवयीत जातो. मुलांचा तर त्याहून जास्त जातो.

प्रश्न कसा होता ते पाहा. एका गावात ठिबक लावलेल्या शेतकऱ्यांना ठिबक नसलेल्यांपेक्षा केळीचं उत्पादन जास्त मिळालं, म्हणून ठिबकमुळे उत्पादन वाढतं, असा युक्तिवाद. तो सर्वांत कमकुवत करणारा पर्याय निवडायचा. अ : ठिबकचा खर्च लहान शेतकऱ्याला परवडत नाही. ब : ठिबक लावलेल्यांनी टिश्यू कल्चरची रोपं लावली होती, बाकीच्यांनी कंद. क : ठिबकला सरकारी अनुदान मिळतं. ड : काही शेतकरी पाटपाण्यावर समाधानी आहेत.

आपल्याकडची बरीच मुलं अ लिहितात. खर्चाचं बोलणं त्यांनी घरी ऐकलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण प्रश्न परवडण्याचा नाही, उत्पादन कशामुळे वाढलं याचा आहे. ब दाखवतो की दोन्ही गटांत आणखी एक फरक होता आणि वाढ त्या फरकामुळेही झालेली असू शकते. क आणि ड चा उत्पादनाच्या कारणाशी संबंध नाही. आता समजा, मुलानं कागदावर "अ, कारण खर्च परवडत नाही" असं पेनानं लिहून ठेवलं असेल, तर मला दोन मिनिटांत कळतं की तो घरचं ज्ञान प्रश्नात आणतोय. दुसरा मुलगा "अ, कारण बाकीचे पर्याय समजले नाहीत" लिहितो. उत्तर तेच, पण आजार वेगळा, त्यामुळे औषधही वेगळं.

म्हणून आमची पद्धत अशी. संच पेनानं सोडवायचा, घड्याळ लावून. प्रत्येक उत्तरापुढे कारणाचे चार-पाच शब्द लिहायचे. हे वेळ संपल्यावर लगेच, डोक्यात ताजं असताना केलं तरी चालेल. जिथे अंदाजानं टिक केलं तिथे बाजूला "अं" लिहायचं. दुसऱ्या दिवशी शंका असलेले आणि "अं" असलेले प्रश्न वेळ न लावता परत सोडवायचे, नवं उत्तर जुन्याच्या शेजारी लिहायचं. दोन्ही उत्तरांचा फोटो पाठवला की तालिका त्याच दिवशी मिळते, सोबत प्रत्येक पर्याय का बरोबर आणि का चूक याचं लेखी स्पष्टीकरणही. त्याचे वेगळे पैसे नाहीत, ते संचाच्या किमतीतच आहे. खोडरबर मात्र दप्तरातच राहू द्या.

"अं" ला काही मुलं नाक मुरडतात. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे आम्हीच शिकवतो. पण सरावात अंदाजानं बरोबर आलेला प्रश्न गुणांत मिसळला की येत असलेलं आणि लागून गेलेलं यात फरक राहत नाही. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो, म्हणजे चार चुकांनी एक बरोबर उत्तर खाल्लं. तिथे कुठे टिक करायचं आणि कुठे सोडायचं हे ठरवताना आपले अंदाज किती वेळा लागतात हे माहीत असावं लागतं. ते या "अं" वरूनच कळतं.

पारोळ्याकडच्या एका पालकांनी कळकळीनं विचारलं होतं, "सर, पोऱ्या रातदिन पेपर सोडी ऱ्हायना, तरी मार्क काबर वाढत नहीत?" त्यांच्या मुलाची वही पाहिली. एका महिन्यात ढीगभर पेपर, प्रत्येकावर लाल शाईत गुण, आणि कुठल्याही चुकीपुढे एक शब्द नाही. आठवड्याला दोनच संच का देता, दुसरीकडे रोज एक मिळतो, असं आम्हाला ऐकवलं जातं. संच छापायला आम्हाला काहीच अडचण नाही, कागद आणि मशीन दोन्ही आहे. पण बत्तीस प्रश्नांचा एक संच सोडवायला अर्धा तास लागतो आणि तो नीट तपासायला दीड तास. बारावीचा अभ्यास सांभाळून दोनापेक्षा जास्त संच मुलाला पचत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

बत्तीस हा आकडा सीईटीवरून घेतलाय. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात, त्यातले 32 तर्कक्षमतेचे. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या सीईटीत ते 24 आहेत. क्लॅटमध्येही 120 प्रश्न आणि दोन तासच, पण 2020 पासून तिथे उताऱ्यावर प्रश्न येतात. उतारा साधारण 450 शब्दांचा आणि तर्काचे प्रश्न 22 ते 26. मोठ्या भावाची क्लॅटची जुनी पुस्तकं चालतील का, असं विचारतात. सीईटीसाठी चालतील, कारण नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, मालिका हे तिथे अजून येतं. आजच्या क्लॅटसाठी त्यांचा उपयोग कमी. नेटवरून एलसॅटचे, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ प्रवेश परीक्षेचे, प्रश्न काढून आणणारेही आहेत. ते चांगले असतात, पण पाच पर्यायांचे आणि अवघड. पहिले तीन महिने त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मराठी माध्यमाच्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. इंग्रजीचा भाग सोडला तर सीईटीचा पेपर मराठीतही असतो. क्लॅट फक्त इंग्रजीत. क्लॅट देणारी मुलं इंग्रजीला घाबरतात, पण अडतात ती "इफ" आणि "ओन्ली इफ" मध्ये, आणि हा फरक आपल्या भाषेत एका "च" नं होतो. "तिकीट कन्फर्म असेल तरच स्लीपरच्या डब्यात बसता येतं. सुरेखा त्या डब्यात बसली नाही. म्हणून तिचं तिकीट कन्फर्म नव्हतं." बरोबर? नाही. तिकीट कन्फर्म असेल, पण भुसावळला गाडीच चुकली असेल. "तरच" एवढंच सांगतं की जी व्यक्ती बसली तिचं तिकीट कन्फर्म होतं. जी बसली नाही तिच्याबद्दल ते काहीच सांगत नाही. "तरच" ऐवजी "तर" असतं, म्हणजे कन्फर्म तिकीटवाला प्रत्येक जण नक्की बसतोच असं दिलं असतं, तर मात्र निष्कर्ष बरोबर ठरला असता. इंग्रजी वाक्य वाचताना मनात "तर की तरच?" एवढं विचारा. आमच्या सहाव्या आणि सातव्या संचात मुद्दाम असेच प्रश्न घातलेत, मराठी आणि इंग्रजी समोरासमोर छापून. असे संच बाजारात शोधून आम्हाला सापडले नाहीत, म्हणून स्वतः तयार केले.

आता व्हॉट्सअॅपबद्दल. रात्री अकराला प्रश्नाचा फोटो आणि खाली "सर हे कसं?" एवढंच आलं, तर आमचं उत्तर ठरलेलं असतं : तुझं उत्तर आणि कारण पाठव. ते यायला दुसरा दिवस उजाडतो, मग आम्ही लिहितो, यात दोन दिवस जातात. फोटोसोबत तुमचं उत्तर, कारण आणि संचाचा क्रमांक आला तर रात्री नऊपर्यंतच्या शंकेला त्याच दिवशी उत्तर देतो. पालकांनी मुलांच्या वतीनं शंका पाठवू नयेत ही विनंती. मुलाचं कारण त्याच्याच शब्दांत हवं असतं.

फक्त संच घेणाऱ्यांना महिन्यातून एकदा वही तपासून मिळते; वही टपालानं पाठवली तरी चालते, परतीचा खर्च आमचा. वर्गात यायचं की नाही हे ठरत नसेल, तर कुठल्याही रविवारी सकाळी दहाला येऊन बसा, त्या दिवसाचे पैसे घेत नाही. येताना आधी सोडवलेला एखादा पेपर आणा, कुठल्याही वर्गाचा असो, फक्त खोडलेला नसावा.