महसीर : कायदेशीर संरक्षण

टॉर प्रजातीतील मोठ्या खवल्यांच्या नदीमाशांना महसीर म्हणतात. धरणांमुळे विणीच्या वाटा बंद होणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून किंवा विष कालवून केलेली मासेमारी यांमुळे त्यांच्या अनेक जाती घटल्या.

भारतीय मत्स्योद्योग अधिनियम, १८९७ याच्या कलम ४ व ५ अन्वये स्फोटके आणि विष यांच्या वापरास बंदी आहे. मूळ कलम ४ मध्ये दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. कलम ६ खाली शासनाला विशिष्ट पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवता येते. या अधिनियमाचा रोख मासेमारीच्या पद्धतींवर आहे; संकटात असलेली जात त्यात वेगळी काढलेली नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील स्थिती गुंतागुंतीची आहे. मूळ मजकुरात ‘प्राणी’ या व्याख्येत सस्तन प्राणी, पक्षी, सरीसृप आणि उभयचर होते, मासे नव्हते. ‘वन्यजीव’ या व्याख्येत मात्र माशांचा स्पष्ट उल्लेख होता. अभयारण्यातील बंदी ‘वन्यजीवां’साठी असल्याने तेथील महसीरला आधार मिळाला, परंतु अनुसूचीत (अधिनियमाला जोडलेल्या संरक्षित जातींच्या यादीत) नाव नसल्याने हद्दीबाहेर गेलेला तोच मासा या अधिनियमाच्या दृष्टीने उघडा पडला. २००२ च्या दुरुस्तीने मासे ‘प्राणी’ झाले. त्याआधी २००१ मध्ये काही मासे अनुसूचीत आले, ते मुख्यतः समुद्री.

अनुसूचीसाठी जातीचे नाव निश्चित असावे लागते आणि महसीरच्या बाबतीत तेच वादग्रस्त राहिले आहे. निसर्ग अभ्यासक साइक्सने मुळा-मुठेतील खुद्री या महसीर जातीचे वर्णन केले. त्याचे वर्ष साधारणपणे १८३९ धरतात. कावेरीतील कुबड असलेला महसीर दीर्घकाळ साइक्सच्याच ‘मुसुल्ला’ या नावाखाली मोडत असे. २०१८ मधील अभ्यासाने तो टॉर रेमादेवी ठरवला. या नावाचे मूळ वर्णन २००७ मधील, पांबार नदीतील नमुन्यांवरून केलेले आहे. २०१८ च्या अभ्यासाचे मत अधिक ग्राह्य वाटते. संकटातील जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत टॉर रेमादेवी अतिसंकटग्रस्त आहे; मात्र त्या यादीतील नोंदीला भारतात कायद्याचे बळ नाही. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातील खुद्रीची पिले कावेरीत सोडल्याने तेथील मूळ जातीवरील ताण वाढला, असे अभ्यासक मानतात. ‘महसीर’ असा सरसकट उल्लेख करणारे संरक्षण म्हणूनच अपुरे आहे.

महाराष्ट्रात वाळण कोंड (काळ नदी) आणि तिळसे (वैतरणा) येथील डोहांतले महसीर ‘देवाचे मासे’ म्हणून लोकश्रद्धेने राखले जातात. जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ नुसार राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून अशा डोहांना जैवविविधता वारसास्थळ घोषित करू शकते.