उपाशी असणं वेगळं, उद्याच्या जेवणाची शाश्वती नसणं वेगळं

शहरातल्या गरिबांच्या अन्नाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: 'पण उपाशीपोटी तर कुणी झोपत नाही ना?' पुष्कळ घरांच्या बाबतीत उत्तर खरोखरच 'नाही' असतं, आणि विषय तिथेच मिटतो. भूक आणि अन्न असुरक्षितता या दोन गोष्टींची इथे गल्लत होते. ही गल्लत महागात पडते, कारण मदत कुणाला, कोणती आणि कधी द्यायची हे त्यावरून ठरतं.

भूक ही एका माणसाच्या शरीराची अवस्था आहे. अन्न असुरक्षितता ही घराची परिस्थिती आहे: पुरेसं आणि सकस अन्न मिळवण्याची ऐपत डळमळीत असणं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी उपाशी ठेवलेला माणूस भुकेला असतो, पण असुरक्षित नसतो. उलट, आज दुपारी पोटभर जेवलेला रोजंदारी कामगार, ज्याला उद्या काम मिळेल की नाही हेच ठाऊक नाही, तो या क्षणी भुकेला नाही आणि तरीही असुरक्षित आहे. १९९६ साली रोममध्ये झालेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची व्याख्या करताना 'सर्व काळ' ही अट घातली, ती याचसाठी. एका वेळच्या भरलेल्या ताटावरून सुरक्षितता ठरत नाही.

दोन्ही गोष्टी मोजण्याच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना भुकेचा जो आकडा देते, तो लोकांना भुकेबद्दल थेट विचारून काढलेला नसतो. देशात किती अन्न उपलब्ध आहे, ते लोकांमध्ये साधारण कसं वाटलं जातं आणि शरीराला किती उष्मांक लागतात, यावरून केलेला तो अंदाज असतो. २०२४ साली हा आकडा सुमारे ६७ कोटी ३० लाख होता. अन्न असुरक्षितता मात्र माणसांना थेट आठ प्रश्न विचारून मोजतात. मध्यम किंवा तीव्र अन्न असुरक्षिततेत जगणारे त्याच वर्षी सुमारे २३० कोटी निघाले. पद्धती भिन्न असल्याने एका आकड्यातून दुसरा वजा करण्यात अर्थ नाही, पण तफावत केवढी आहे ते दिसतंच. शहरांचं म्हणाल तर २०२२ मध्ये जगभरच्या ग्रामीण भागात अशा अन्न असुरक्षिततेचं प्रमाण ३३.३ टक्के होतं आणि शहरांत २६ टक्के. शहरांत कमी, हे खरं. तरीही दर चार शहरवासीयांमागे एक.

ते आठ प्रश्न एकदा तरी नीट वाचावेत असे आहेत. पैशाअभावी गेल्या वर्षभरात अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का? सकस अन्न खाता आलं नाही, असं झालं का? तेच ते मोजके पदार्थ खाऊन भागवलं का? एखादं जेवण टाळावं लागलं का? जेवायला हवं होतं त्यापेक्षा कमी जेवलात का? घरातलं अन्न संपलं का? भूक लागूनही खाल्लं नाही, असं झालं का? अख्खा दिवस उपाशी काढलात का? भूक हा शब्द सातव्या प्रश्नात येतो. त्याआधीच्या सहा पायऱ्यांवर घर कितीतरी काळ उभं असू शकतं, आणि 'उपाशी कुणी झोपत नाही ना' या प्रश्नाला त्यातली एकही दिसत नाही.

अशा प्रश्नावल्यांचं मूळ अभ्यासकांच्या टेबलावर नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या गरीब घरांतल्या बायकांशी सविस्तर बोलून त्यांचे अनुभव समजून घेतले. त्यातून जो क्रम दिसला तो असा: आधी चिंता, मग ताटातला दर्जा घसरतो, मग आई स्वतःचा घास कमी करते, आणि मुलांच्या ताटाला हात सगळ्यात शेवटी लागतो.

हा क्रम शहरात इतका ठळक का होतो, याचं कारण घरखर्चात आहे. घरभाडं अर्धं देऊन चालत नाही. बसवाला पाऊण तिकिटावर कामाला पोचवत नाही. वीजबिल थकलं की जोडणी तुटते. या सगळ्यांत थोडा थोडा, रोज, कुणाला न कळता कापता येण्याजोगा खर्च एकच: जेवणाचा. त्यामुळे भाडं वाढलं की त्याचा पहिला परिणाम चुलीवर होतो. फळं जातात, दूध जातं, डाळ पातळ होते. धान्य, तेल आणि साखर टिकून राहतात, कारण स्वस्तात पोट भरतं ते त्यांनीच. महिन्याचा शेवटचा आठवडा आला की वाढणारी बाई सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात काय उरलंय ते बघते आणि 'मला मघाशीच खाऊन झालं' म्हणून टाकते. घरात त्या रात्री कुणी उपाशी नाही, असंच बाकीचे सांगतील. ते खोटं बोलत नसतात. त्यांना माहीतच नसतं.

शिवाय शहरातला गरीब माणूस जवळपास सगळं अन्न विकत घेतो, आणि तेही थोडं थोडं. एकदम जास्त घ्यायला पैसे नाहीत, साठवायला जागा नाही. छोट्या पुडीत घेतलेली वस्तू वजनाच्या हिशेबाने बहुधा महागच पडते. अन्न बाजारात आहे की नाही हा प्रश्न त्याच्यासाठी दुय्यम आहे. खिशाला परवडतं का, हा खरा. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हेच मांडलं होतं: अन्न असूनही ते मिळवण्याची ताकद हरवल्यामुळे माणसं मरतात. २००८च्या एप्रिलमध्ये हैतीची राजधानी पोर्तो-प्रिन्समध्ये अन्नाच्या भाववाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि पंतप्रधानांना पद सोडावं लागलं, तेही किमती आवाक्याबाहेर गेल्यामुळेच.

आता मदतीकडे येऊ. दोन दिवस न जेवलेल्या माणसाला आज, आत्ता, शिजवलेलं अन्न हवं. तिथे धोरणावर चर्चा करणं निर्दयपणा आहे. सामुदायिक स्वयंपाकघर आणि शाळेतलं जेवण यांचं मोल म्हणूनच मोठं आहे. पण शाळेत जेवणारं मूल दुपारी भुकेलं नसतं म्हणून त्याचं घर सुरक्षित ठरत नाही. सुट्टीच्या दिवशी ते काय खातं ते पाहा. ज्या घराची ओढाताण भाड्यामुळे किंवा आजारपणामुळे आहे, त्याला धान्याचं पाकीट दिलं तर थोडे पैसे मोकळे होतात, हे मान्य. तरी त्याची खरी गरज नियमित मजुरीची, वेळेवर मिळणाऱ्या रोख मदतीची आणि आवाक्यातल्या भाड्याची असते. माझ्या मते शहरातल्या अन्नाचा कार्यक्रम घरभाड्याचा विचार न करता आखणं म्हणजे अर्धंच काम करणं.

वस्तीत पाहणीला जाणाऱ्यांना म्हणून कळकळीची विनंती आहे. महिन्याच्या सुरुवातीला जाऊ नका, शेवटच्या आठवड्यात जा. कुटुंबप्रमुखाला विचारून परतू नका; घरातल्या बाईशी वेगळं बोला. आणि 'जेवलात का' एवढंच न विचारता, गेल्या महिन्यात ताटातून काय काय गेलं आणि ते कुणाच्या ताटातून आधी गेलं, हे विचारा.