कृत्रिम नेत्रभिंग रोपण

मोतीबिंदूने गढूळलेले नैसर्गिक भिंग काढून त्याजागी कृत्रिम भिंग बसविण्याची शस्त्रक्रिया. तिच्या प्रारंभाविषयी एकमत नाही. बहुधा १७९५ च्या सुमारास ड्रेस्डेन येथे कासाआमाता याने काचेचे भिंग घालून पाहिले व ते डोळ्याच्या तळाशी गेले, असा उल्लेख मिळतो. आधुनिक रोपणाचे श्रेय लंडनचे हॅरल्ड रिडली यांना देतात. त्यांच्या पहिल्या रोपणासाठी २९ नोव्हेंबर १९४९ ही तारीख रूढ आहे; परंतु भिंग कायमचे बसविले गेले ते ८ फेब्रुवारी १९५० रोजी, आणि तीच तारीख धरणे अधिक सयुक्तिक वाटते. लढाऊ विमानांच्या छताचे ॲक्रिलिक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत फारसा दाह न करता राहतात, हे रिडली यांनी पाहिले होते.  रोपण रूढ होण्यापूर्वी मोतीबिंदू काढल्यावर सुमारे +१० डायॉप्टर (भिंगशक्तीचे एकक) शक्तीचा जाड चष्मा हाच उपाय असे.

पद्धतींमधला खरा फरक भिंगाचा गाभा कोणत्या वाटेने बाहेर काढला जातो, यात आहे. जुन्या पद्धतीत १० ते १२ मिमी. छेद व टाके लागत. टाका जास्त ओढला गेला की दृष्टिवैषम्य (कॉर्नियाचा आकार बिघडून येणारी धूसर दृष्टी) येई. बिनटाक्याच्या पद्धतीत (एसआयसीएस) कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) कडेमागे १.५ ते २ मिमी. अंतरावर, श्वेतपटलाच्या (डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाच्या) साधारण निम्म्या जाडीत, ६ ते ६.५ मिमी. रुंदीचा बोगदा करतात. त्याचे आतले तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद ठेवतात. डोळ्यातील दाबानेच ते मिटते. बोगदा उथळ झाल्यास छताला भोक पडते, खोल गेल्यास पाते वेळेआधीच आत शिरून आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) बाहेर येते. आतले तोंड अरुंद राहिल्यास गाभा ओढताना कॉर्नियाच्या आतल्या पेशी खरवडल्या जातात. नवशिक्यांच्या हातून बहुधा हेच घडते.

फेको या यंत्राच्या पद्धतीत (चार्ल्स केलमन, १९६७) श्राव्यातीत कंपनांनी गाभा फोडून शोषून घेतात, २.२ ते २.८ मिमी. छेदातून घडीचे भिंग सरकवितात. गाभा कठीण असल्यास ऊर्जा जास्त लागते व कॉर्निया सुजतो. सांगली-साताऱ्याच्या जत, आटपाडी, माण, खटाव भागांतला रुग्ण तपकिरी, पूर्ण पिकलेला मोतीबिंदू घेऊन उशिरा आला, तर एसआयसीएस अधिक सुरक्षित ठरते. यंत्र हाताशी आहे, एवढ्यावरून फेको निवडणे योग्य नव्हे. पुण्यात ४०० डोळ्यांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत (२००५) सहा आठवड्यांनी चष्म्यासह दृष्टी दोन्ही गटांत जवळपास सारखी, तर विनाचष्मा दृष्टी फेकोत सरस आढळली.

शस्त्रक्रियेत नैसर्गिक भिंगाच्या पिशवीचे मागचे आवरण फाटल्यास पुढे आलेला काचद्रव (डोळ्यातील जेलीसारखा पदार्थ) आधी कापून काढावा लागतो. पुढच्या आवरणाची कड शाबूत असल्यास तीन भागांचे भिंग (मधले भिंग व दोन आधार) तिच्यावर, आयरिसमागे टेकवितात. ते किंचित पुढे बसत असल्याने त्याची शक्ती ०.५ ते १ डायॉप्टरने कमी घेतात. एकसंध ॲक्रिलिक भिंग तेथे ठेवू नये. ते आयरिसला घासून रंगद्रव्य सांडते व दाब वाढतो. कडही नसल्यास भिंग आयरिसला चिमटवितात किंवा श्वेतपटलात अडकवितात.