आकडे भरताना मॉडेल लाल का होतं?

आमच्याकडून पॅनल बॉक्स नाहीतर ब्रॅकेट करून घेताना आम्ही तुम्हाला एक एक्सेल शीट पाठवतो. त्यात रुंदी, उंची, पत्र्याची जाडी, होल किती, त्यांचा पिच (शेजारच्या दोन होलांच्या मध्यांतलं अंतर) वगैरे तुम्ही भरायचं आणि कॅडमधलं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमधलं, मॉडेल त्यावरून आपोआप बदलतं. ते मधेच लाल होतं आणि पुढे जातच नाही, मग फोन येतात की तुमची फाइल बिघडलीय. फाइल ठीक असते हो, ती आकडे तपासत असते.

सोपे घोळ आधी. खान्यात फक्त आकडा लिहा. "४० मिमी" असं लिहिलंत तर एक्सेलसाठी तो आकडा राहत नाही, नुसता मजकूर होतो. पाऊण इंच म्हणून ३/४ लिहिलं तर त्याहून गंमत, एक्सेल त्याची तारीख करतं आणि आत ४५ हजारांच्या वरचा आकडा बसतो, म्हणजे ४५ मीटरचा डबा, मांडवीत सोडला तर बार्ज म्हणून खपेल. पाऊण इंच म्हणजे १९.०५, सगळं मिमीतच द्या. होलची संख्या साडेचार नको, हे सांगायला लागू नये पण लागतं.

खरी भानगड वेगळीच आहे. एकेकटा आकडा बरोबर असतो, सगळे एकत्र आले की चुकतात. समजा डबा ३०० रुंद, दोन्ही बाजूंनी बेंड (पत्रा वाकवलेला), पत्रा २ मिमी, आणि मागच्या बाजूला ९ मिमीची ५ होलं ७० पिचने. यात वावगं काय? काहीच नाही. पण ५ होलांत गाळे ४, म्हणजे २८० झाले, दोन्ही कडांना उरले १०-१०, त्यातून होलची त्रिज्या ४.५ गेली की होलच्या काठापासून बाहेरच्या कडेपर्यंत राहिले ५.५. आमचा नियम असा की हे अंतर जाडीच्या अडीच पट अधिक बेंडची आतली त्रिज्या एवढं तरी हवं. त्रिज्या २ धरली तर ७. कमी असलं की पत्रा वाकताना होल ओढलं जाऊन लांबट होतं आणि बोल्ट अडतो.

पिच ६९ केला तर ७.५ मिळतात, प्रश्न मिटला! मग मॉडेल स्वतःच ६९ का करत नाही, असं बरेच जण विचारतात. पूर्वी करायचं. आकडा हद्दीबाहेर गेला की गुपचूप जवळचा चालणारा आकडा घ्यायचं, आणि आम्हाला ते फार हुशारीचं वाटायचं. मग एकदा एका गिऱ्हाइकाने १.२ चा पत्रा लिहिला, मॉडेलने १.५ केला, कुणी बघितलंच नाही, चवथीच्या आधीची घाई, आणि सगळे डबे त्यांच्या खाचेत बसेनात. नुकसान आम्हीच सोसलं. तेव्हापासून मॉडेल तुमचा आकडा बदलत नाही, थांबतं आणि कुठे अडलं ते लिहितं. तुमच्या मशीनची भोकं ७० वरच असली तर ६९ काय कामाचे? त्यापेक्षा डबा रुंद करावा लागेल, ते तुम्हीच ठरवायचं.

कडांना जाडीच्या निम्म्याएवढी गोलाई मागितली तरी बऱ्याचदा अडतं. ६ मिमीच्या पट्टीला दोन्हीकडून ३ ची गोलाई दिली की मधली सपाट बाजूच उरत नाही. २.९ द्या, होऊन जाईल.

पिवळं दिसलं तर मात्र घाबरू नका, काम थांबत नाही, फक्त एकदा विचार करा म्हणून सांगितलंय. कळंगुटला समुद्राजवळ लावायचा डबा आणि स्टेनलेस स्टील ३०४ निवडलं की पिवळं होतं, कारण खाऱ्या हवेत ३१६ नंबरचं स्टील जास्त टिकतं. महाग आहे, माहितीय, म्हणून तर लाल केलं नाही. उघड्यावरच्या डब्याला पाणी निघायचं भोक शून्य ठेवलं तरी तेच.

आणि तुमच्याकडची एसटीएल फाइल (वस्तूच्या थ्रीडी आकाराची फाइल) पाठवत असाल तर मेसेजमध्ये मिमी की इंच तेवढं लिहा. त्या फाइलमध्ये एकक नसतंच, उघडताना ३० मिमीचे ३० इंच कधी होतात कळत नाही, २५.४ पट!

लाल जातच नसेल तर तशीच शीट पाठवा, सोबत आत काय बसवणार त्याचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला.